आपोआप वाजणारी घंटा

आमच्या ह्यांच्या घशात घास अडकला होता, स्वयंपाकघरात घंटा वाजत होती आणि मी भाकऱ्या थापत होते. अर्धांगाने ह्यांची वाचा गेलेली. ह्यांना मला बोलावता यावं म्हणून नातीने डब्याच्या झाकणाचं बटण करून घंटेच्या चिपला जोडलं होतं. पण घंटा आपोआपही वाजायची, म्हणून मी उठले नाही. ताट पडल्यावर धावले, पाठीत धपके घातले, तेव्हा घास सुटला.

दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून एक कारागीर बाई घंटा बघायला आली. बटणाला न शिवता तिने तळवा नुसता तारेजवळ नेला. घंटा वाजली!

“आजी, बटण सुटल्यावर गप्प बसायचं, हे ह्या चिपला कोणी सांगितलंच नाही.”

“मग तू सांग की.”

तिने तारेला तांदळाएवढा रेझिस्टर जोडला, बटण सुटलं की तार शांत ठेवणारा, आणि पुन्हा तळवा जवळ नेला. घंटा गप्प.

आता घंटा वाजली, की ती ह्यांनीच वाजवलेली असते.