गांगुर्डे मॅडमचा खांब

गांगुर्डे मॅडम पुलावरून कधी सरळ गेल्या नाहीत. स्कूटर कडेला लावायच्या, पदर खोचून खाली उतरायच्या आणि खांबावर हातोडी ठोकून कान द्यायच्या. "पोकळ वाजतोय," असं म्हणाल्या, की त्यांचा सगळा दिवस खराब जायचा. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या सिव्हिल शिकवत. जुन्या पुलांच्या दुरुस्तीसाठी बारीक तंतू घातलेलं, सहसा चिरा न पडणारं काँक्रीट त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं होतं. मी त्यांचा संशोधक विद्यार्थी.

काँक्रीट झालं, पण वापरणार कोण? बांधकाम खात्यात आम्ही इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई न विचारताच पाणी आणून ठेवायचा. शेवटी देवळ्याच्या रस्त्यावरच्या एका पुलाचा एक खांब प्रयोगासाठी मिळाला. मॅडमनी सडलेला भाग फोडून काढवला, सळ्यांचा गंज घासवला, नवं काँक्रीट भरलं आणि वर ओली गोणपाटं गुंडाळली.

"आठवडाभर पाणी मारायचं. बाळंतिणीसारखं जपायचं त्याला," त्यांनी खात्याच्या अभियंत्याला बजावलं.

दोनच दिवसांत कोणा मंत्र्यांचा दौरा निघाला. अभियंत्याने गोणपाटं काढून टाकली आणि सगळ्या खांबांना चुना फासला. आम्ही पोचलो तेव्हा आमचा खांब उन्हाने तडकला होता.

"अहो, दात किडलाय आणि तुम्ही तोंडाला पावडर लावताय!" मॅडमचा आवाज चिरकला.

"वरून फोन होता, मॅडम. मी काय करणार?"

खात्याने प्रयोग फसल्याचं कळवून टाकलं. दुसरा खांब मिळालाच नाही. मी चिडून म्हणालो, "प्रबंधात हा खांब घालायलाच नको."

"घाल. तडे गेले ते लिही. का गेले तेही लिही."

पुढे त्या पुलाजवळच्याच गावाने ओढ्यावरची छोटी मोरी दुरुस्तीला दिली. या वेळी मॅडम स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. सरपंच म्हणाले, "मॅडम, आम्ही मारतो ना पाणी. लय ऊन हे, तुम्ही जा घरी."

"मारा. मला दिसू द्या."

मोरी पक्की झाली. मॅडम निवृत्त होऊन येवल्याला राहायला गेल्या.

गेल्या महिन्यात तो पूल धोकादायक ठरवून बंद केला, आणि कांद्याचे भरलेले ट्रक गावातून, त्या मोरीवरून वळवले. मी हौसेने फोन केला. "मॅडम, सगळी वाहतूक आता तुमच्या मोरीवरून चाललीय!"



"अरे, ट्रॅक्टरपुरती दुरुस्त केली होती ती आपण. ट्रक कोणी सोडले तिच्यावर?"

"खात्याने."

"उद्या सकाळी गाडी घेऊन ये. त्यांच्याकडे जायचंय."

"मॅडम, तुमचे गुडघे... आणि तुम्ही रिटायर झालात आता."

"मोरी झालीय का रिटायर?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.