बाबांच्या केसपेपरवरची ओळ

"पेते वाटते," टेबलाजवळची सिस्टर दुसरीला म्हणाली. आवाज तिने खाली आणला होता, पण मी तिच्या अगदी मागच्या स्टुलावर बसले होते.

अकोल्याच्या एका दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड. दुपारचे तीन वाजले असतील. बाबा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन, कपाळ लोखंडी दांड्याला टेकवून बसले होते. ते एसटीचे ड्रायव्हर. सकाळी अमरावतीहून गाडी घेऊन निघाले, अकोल्याच्या स्टँडवर ती नीट फलाटाला लावली आणि खाली उतरताना तिथेच बसले. कंडक्टरचाचांनी त्यांना ऑटोत घालून इथे आणलं आणि आमच्या शेजारी फोन केला. आई आणि मी मिळेल त्या बसने आलो.

आल्या आल्या आईला विचारलं गेलं, "फवारणीचं औषध घेतलं काय?" त्या वर्षांत आमच्या भागात पोट धरून उलट्या करणारा माणूस आला की हा प्रश्न नावाच्याही आधी येई. आई म्हणाली, "नाही हो, आमच्याकडं वावरच नाही." मग दारूचा प्रश्न आला.

"वीस साल झाले यांच्यासंग डूटी करून," चाचा सिस्टरला म्हणाले. "हा माणूस चाय बी अर्धीच पेते."

"सगळ्यायचे दोस्त असंच सांगतात, चाचा."

आजूबाजूच्या कॉटवरचे लोक हसले. बाबासुद्धा हसायचा प्रयत्न करत होते.

केसपेपर इंग्रजीत होता. आईने तो माझ्या हातात दिला. "पाय बरं माय, काय लिवलं?" आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यासाठीच ड्रायव्हरच्या पगारात मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. मी वाचलं. बरीच वर्षं दारूचं व्यसन, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

"पोटाला सूज आहे," मी म्हणाले.

हा कागद डेपोत जाणार होता. अशी ओळ घेऊन परतलेल्या ड्रायव्हरला पुन्हा गाडी मिळत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कपाळ पुन्हा दांड्याला टेकवलं.

ते दुखणं मला आठवतं तेव्हापासून मी पाहत होते. वर्षातून दोन-तीनदा यायचं, बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत निघायचं. बाबा जमिनीवर पालथे पडायचे. डेपोत त्यांना तोंडाजवळ मशीन धरून फुंकायला लावलं, मशीनने काही दाखवलं नाही, तर लोक म्हणाले मशीनच बिघडलंय. आम्ही दर रविवारी विहारात जायचो. पंचशील म्हणताना सगळ्यांचा आवाज एका लयीत चालायचा. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते आलं की पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी हळूच मागे वळायची. बाबा ते शील जरा मोठ्याने म्हणत. मोठ्याने म्हणतात म्हणूनही लोक बोलत.

चांदूर बाजारला दिलेल्या माझ्या आत्यालाही असंच दुखायचं. तिच्या पोटावर गरम विटेचा शेक द्यायचे, नजर काढायचे. ती पस्तिशीत गेली. तिचं तोंड कोणी हुंगलं नाही.

आईचासुद्धा विश्वास हलला होता. तिला दोष देणं मला जमत नाही. आमच्या गल्लीत पिणारी माणसं होती, त्यांच्या बायका नळावर भेटायच्या आणि सगळ्यांचे नवरे आधी नाहीच म्हणायचे. त्यांतल्याच एकीने आईला पुड्या आणून दिल्या. दारू सोडवायचं औषध, पिणाऱ्याला न सांगता द्यायचं. "वरणात टाक. त्याले समजत बी नाही." आईने पुडी वरणात सोडताना मी ओट्याजवळ उभी होते. तिने मला पाहिलं. मी ताट घेऊन बाहेर गेले आणि बाबांसमोर ठेवलं.

"आज वरण कडू लागून राहिलं काय वो?" बाबांनी विचारलं.

"हळद नवी आहे," आई म्हणाली.

बाबांनी सगळं वरण खाल्लं. असं महिनाभर चाललं. न पिणाऱ्या माणसाची दारू सोडवायला दिलेलं ते वरण मीच वाढत होते.

मी का बोलले नाही? मी मुळातच कमी बोलायची. नातेवाईक मला 'मॅडम' म्हणायचे. "मॅडमले मराठी येते का रे अजून?" असं लग्नात कोणीतरी म्हणायचं आणि मी भांडी घासायच्या जागी जाऊन बसायची. पण खरं कारण ते नव्हतं. मलाही दुखायचं. चौथीत पहिल्यांदा दुखलं. शाळेत बाकावर पोट दाबून बसले आणि टीचरना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तेच दुखणं, त्याच जागी, पाठीत निघणारं. आमच्या घरात त्या दुखण्याला एकच अर्थ होता आणि तो शरमेचा होता. म्हणून मी बाथरूमचा नळ सोडून आत बसायची आणि बाहेर येऊन अभ्यासाला लागायची.

या दुखण्याचं खरं कारण मला फार उशिरा कळलं. अकोल्याच्या त्या वर्षी मी बारावी सायन्सला होते आणि ट्रिप्सिनवर पाच मार्कांचा प्रश्न पाठ होता. जठराच्या मागे असलेलं स्वादुपिंड हे एन्झाइम तयार करतं. त्याचं काम प्रथिनं कापायचं. डाळीतलं, अंड्यातलं प्रथिन ते तोडून बारीक करतं, म्हणून ते आपल्या अंगी लागतं. पण कापणारी वस्तू घरात उघडी ठेवता येत नाही. म्हणून स्वादुपिंड ते झोपलेल्या रूपात बनवतं. आतड्यात पोचल्यावर त्याचा छोटा तुकडा तोडला जातो आणि तेव्हा ते जागं होतं. एवढं पुस्तकात होतं.

पुस्तकात नव्हतं ते असं. थोडं ट्रिप्सिन चुकून स्वादुपिंडातच जागं झालं, तर त्याला तिथेच तोडून थांबवता यावं म्हणून त्याच्या साखळीत एक जागा असते. ट्रिप्सिन बनवण्याची सूचना सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. त्यातलं एक अक्षर बदललं आणि ती जागा गेली, की जागं झालेलं ट्रिप्सिन थांबत नाही. ज्या ग्रंथीने त्याला बनवलं, तिलाच ते पचवू लागतं. आई किंवा वडील, एकाकडून असं जनुक आलं तरी पुरतं. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडे हे क्वचितच सापडतं, असं पुढे पुण्यात माझं रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. रिपोर्टमध्ये ते बदललेलं अक्षर होतं. तोवर बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं दुखणं दारूचं नव्हतं याचा एकमेव लेखी पुरावा माझ्या नावाच्या फाइलमध्ये आहे.

पण अकोल्यात मला यातलं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बाबांच्या पोटाच्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"स्वादुपिंडात खडे आहेत. किती वर्षं दुखतंय?"

"पोरगा होतो तवापासून," बाबा म्हणाले. "मी पेत नाही, मॅडम."

त्यांनी केसपेपर पाहिला, मग बाबांकडे पाहिलं. "घरात अजून कोणाला असं दुखतं का? रक्ताच्या नात्यात?"

"नाही जी," आई लगेच म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. आत्याला नजर लागली होती, असंच तिला वाटायचं. आणि माझं तिला माहीतच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या पुढच्या कॉटकडे वळणार होत्या. बाबा छताकडे पाहत होते. तीन दिवसांत एवढं एकच वाक्य ते सगळ्यांना सांगत आले होते, आणि आता तेही संपल्यासारखं वाटत होतं. मी बोलले तर आईला कळणार, गल्लीला कळणार, उद्या मला बघायला येणाऱ्यांनाही कळणार. मी उठले तेव्हा स्टूल मागे पडलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इंग्रजीत बोलावं असं आधी वाटलं, म्हणजे आईला समजणार नाही. पण मग बाबांनाही समजलं नसतं.

"मॅडम, माझ्या आत्याला असंच दुखायचं, त्यातच ती गेली," मी म्हणाले. "आणि मलाही दुखतं. चौथीत होते तेव्हापासून. मीसुद्धा पीत नाही."