तळहाताचा अभ्यास

कमलनगरच्या थांब्यावर त्या जीपचालकाला मी एकदाच पाहिले. प्रवासी जमेपर्यंत तो हातातील छापील चित्रे एकेक उलटत होता. मोबाइलवरील खेळाचे चित्र आले की ते दूर सारी. मुलीचे छायाचित्र आले की छातीशी आणी.

"हे कामून करायलास, बाबा?" मी विचारले.

"मोबाइलवरचा खेळ सुटावा म्हून दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवलंय, अप्पा. खेळाच्या नादात एकदा लेकीला शाळेतून आणायचंच इसरलो. पायरीवर रडत बसली होती."

शेजारचा जीपवाला हसला. "पोरावानी चित्रं खेळायलास व्हय, अण्णा? काढ मोबाइल, एक डाव होऊ दे."

चालकाचा डावा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो त्याने मांडीवर उताणा ठेवला.

"ह्याच तळहातावर सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग धरतो, अप्पा," तो मला म्हणाला. "ह्या हाताला पुन्यांदा वळण लावायलोय."

मोबाइल खिशातच राहिला.

अभ्यासाने मन वळते, असे मी पाठशाळेत जन्मभर सांगत आलो. ते वळताना मात्र त्या थांब्यावर प्रथमच पाहिले. तो माणूस माझ्याच मुलखातला होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.