गारांचा चहा

नलू, फोन ठेवायच्या आधी जरा कान इकडे कर. दिवाळीला आलीस, आजोबांच्या पाया पडलीस आणि लगेच निघालीस, असं असतं का गं?

काल वळवाच्या गारा पडल्या. बघते तर तुझे आजोबा पातेलं घेऊन अंगणात, गारा वेचतायत. म्हटलं, "अहो, डोकं फुटेल." तर म्हणाले, "चहा ठेव. लढाईत वर चौकीवर बर्फच वितळवायचो आम्ही. पातेलंभर बर्फाचं पेलाभर पाणी. पहिला घोट पहाऱ्यावरून येणाऱ्याचा."

लग्न झाल्यापासून विचारतेय, लढाईत काय झालं? उत्तर एकच, "थंडी होती." आणि काल बोलतच सुटले. दगडू नावाचा मित्र एकदा पहाऱ्यावरून परतलाच नाही. त्याचा भरलेला पेला तसाच राहिला, कुणी हात लावला नाही, तेही सांगितलं. मला रडू येत होतं आणि आनंदही मावत नव्हता. आठवण कुठे जाऊन बसेल, काही सांगता येत नाही बघ. मी आयुष्यभर प्रश्न विचारले, आणि ती निघाली पातेल्यातून.

सकाळपासूनही बोलतायत. मला ते डोंगर, त्या वाटा कळत नाहीत, मग मध्येच थांबतात. म्हणाले, "नलू डोंगर चढते, तिला कळलं असतं." पुन्हा गप्प झाले तर? या रविवारीच ये बाई, आणि मुक्कामाला ये.