गोल्फची सावड

सोनुबाईला गोल्फ खेळायचा होता. यात हसण्यासारखं काय आहे हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण त्या साली मोहोपाड्यात ज्याला ज्याला हे कळलं तो आधी हसला, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

कारखान्याच्या वसाहतीमागे साहेबलोकांसाठी गोल्फचं छोटं मैदान होतं. सोनुबाई तिथे निंदायला असायची. साहेबांना हवं ते गवत ठेवायचं आणि देवाने दिलेलं बाकीचं सगळं खुरप्याने मुळासकट उपटायचं, असं ते काम. वीसेक बायका होत्या, सगळ्या आसपासच्या गावांतल्या, भातशेतीवाल्या घरांतल्या. सोनुबाई उंच, काटक, दात जरा पुढे, आणि आवाज असा की बांधापलीकडून ओरडली तर चरती म्हैस मान वर करायची. नवरा साप चावून गेला तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. दीर जमीन मागायला आले तेव्हा तिने विळा दाखवला. हे मी अलंकारिक बोलत नाही, खरंच दाखवला. ते एक शेत तिच्याकडे राहिलं.

पण भातशेती एकटीने होत नाही. त्यासाठी आमच्या भागात सावड असते. आज मी तुझ्या शेतात लावणीला आले, की कापणीला तू माझ्या शेतात यायचं. दिवसाला दिवस. त्यात पैसा नाही, लिखापढी नाही, पण सावडीचा दिवस बुडवणाऱ्या घराकडे पुढच्या साली कोणी फिरकत नाही. म्हणून दिवस परत मागितला की नवरासुद्धा बायकोला अडवू शकत नाही. त्या पावसाळ्यात सोनुबाई मैदानावरच्या प्रत्येकीच्या शेतात लावणीला वाकली होती. प्रत्येकीकडे तिचा एकेक दिवस होता. तिच्या शेतात गरवं भात होतं, म्हणजे उशिरा पिकणारं. ते कापायला ती हे सगळे दिवस एकदम मागणार, असं सगळे धरून चालले होते.

मी तेव्हा वसाहतीतल्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान कारखान्यात केमिस्ट. त्यांना नोकरीचा भाग म्हणून गोल्फ खेळावा लागे, आणि ते तो औषध घेतल्यासारखा खेळत.

नवरात्राच्या सुमारास साहेबमंडळींनी गोल्फची सहल ठरवायला घेतली. तीसेक मित्र, सगळे मिळून घाटावर खेळायला जाणार. ही ठरवाठरव क्लबच्या व्हरांड्यात आठवडेच्या आठवडे चालली. कोण कोणाच्या गाडीत, कोणाला मटण चालत नाही, कोणत्या दोघांचं पटत नाही, चौघाचौघांचे गट कसे पाडायचे. व्हरांड्याच्या खालीच बायका निंदत असायच्या. साहेबलोक आपल्यापुढे असे बोलतात जसं काही आपण गवतच आहोत, असं सोनुबाई म्हणायची. तिने सगळं ऐकलं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या दारात आली.

"बाई, ते ह्यांडिकॅप म्हंजे काय वो?"

मी सांगितलं. जो कच्चा खेळतो त्याला आधीच काही फटके माफ करतात, म्हणजे पक्क्या माणसाबरोबर त्याला खेळता येतं.

तिने जरा विचार केला. "म्हंजे जिला जमत नाय तिचं वझं आधीच हलकं करायचं."

"तसंच."

"मंग ह्यो खेळ बरा हाय. आमच्यात उलटं. जिला झेपत नाय तिच्याच डोक्यावर मोठा भारा."

दुसऱ्या दिवशी तिने थेट क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा आम्ही बायका एकदा खेळू का, खराब झालं तर आम्हीच नीट करू, नाहीतरी आम्हीच करतो. सेक्रेटरी रागावले असते तर बरं झालं असतं. ते मोठ्याने हसले आणि मुकादमाला म्हणाले, "उद्या यांना पोहायचा तलावही लागेल."

हा मुकादम लडकू, सोनुबाईचा चुलत दीर. तोही हसला. साहेब हसल्यावर हसायचं हा त्याच्या नोकरीचा भाग होता.

तिथेच तिचं ठरलं. इथे नाही तर दुसरीकडे, पण या दिवाळीच्या आत. तिचं माहेर शेलूला. भाऊ पदू याची नदीकाठची शेतं हळव्या भाताची, लवकर पिकणारी, त्यामुळे तेव्हा कापून मोकळी झालेली. सपाट जमीन, कापलेल्या भाताचे बुटके सड, मधे बांध. साहेब मुद्दाम खड्डे आणि उंचवटे करून घेतात, इथे ते आयतेच होते. टेंपो करायचा आणि सगळ्यांनी एक दिवस शेलूला जायचं.

आणि बायका घराबाहेर पडणार कशा? तिने सावड मागितली. एकाच दिवशी, सगळ्यांकडून.

लडकूला कळलं तेव्हा तो मैदानावरच तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मी क्लबच्या फाटकापाशी यजमानांची वाट बघत होते, सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, सावड कामाला असते. खेळाला नसते."

"का वो भावजी? तुमच्या पोराच्या हळदीत आमी तांदूळ निवडलं, मांडव सारवला, ते सावडीतच धरलंत ना? तवा म्हनलात, दिवस म्हंजे दिवस."

"ते कार्य होतं."

"ह्ये माझं कार्य हाय. माझं दुसरं कंचं कार्य व्हायचं राह्यलंय आता?"

बायकांनी खाली माना घालून खुरपी चालवली. कोणाचे तरी खांदे हलत होते.

लडकूने आवाज उतरवला. "शेतात तुझं गरवं उभं हाय. ह्यो दिवस खेळात घालवलास तर कापायला कोन येनार? कोनाकडं तुझं कायबी राह्यनार नाय. बाराही महिने काय खाशील?"

"गरवं माझं हाय. दिवस माझं हायत. तुमी तुमचं गवत बगा."

तिला हे कळत नव्हतं असं कोणी समजू नये. तिच्याइतकं पक्कं कोणालाच कळत नव्हतं.

मग जी आखणी तिने केली, तिच्यापुढे व्हरांड्यातली आखणी काहीच नव्हती. मैदानावर हरवलेले चेंडू गवतात बायकांनाच सापडायचे. ते परत द्यायचे असत, आणि बहुतेक दिलेही जात. बहुतेक. काठ्यांसाठी तिने बांबूचे बुंधे मुळासकट खणून आणले, वाकडं मूळ खाली ठेवून. यजमानांच्या दोन काठ्या मी दिल्या. त्यांनी नंतर त्या शोधल्याही नाहीत.

चौघीचौघींचे गट पाडताना गोदा आणि आवडी या जावांचा प्रश्न आला. कुंपणावरून त्या दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. साहेबांनी अशा दोघांना लांब ठेवलं होतं. सोनुबाईने एकत्र घातलं. "लांब ठेवल्या तर दोन गटांत कुरकुर. एकात घातल्या तर एकाच." ह्यांडिकॅप तिने स्वतः वाटला. कोंडी म्हातारीचा गुडघा, म्हणून तिला पाच फटके माफ. जिच्या घरात सासू तिला दोन. जिचा नवरा पितो तिला तीन. यावर आवडी म्हणाली, "अगं, मंग माझा तर एकबी फटका मोजायचा नाय." तसंच ठरलं. कोंडी माळकरी, तिच्यासाठी सुकटाशिवायची वेगळी भाकरी. तांदळाच्या भाकऱ्या कोणी किती आणायच्या तेही ठरलं.

ठरल्या रविवारी सकाळी टेंपोशी वीसच्या वीस बायका हजर होत्या. मीही गेले, मला कोणाची परवानगी लागत नव्हती. चौक गावातून कर्जत, भिसेगाव, नेरळ. रस्त्याने लोक विचारत होते, लग्न कुणाचं? "गोल्फाचं," असं गोदा ओरडून सांगायची.

पदूने शेतात आम्हाला बघून डोक्याला हात लावला. पण बहीण माहेरी आली होती, आणि कापलेल्या शेतात कोणी चाललं तर त्याला हरकत घ्यायची आमच्याकडे रीत नाही. सोनुबाईने खुरप्याने खळगे केले आणि शेताच्या बांधावरून पहिला चेंडू हाणला. तो गेला, सड चाटत, पार नदीकाठच्या करंजाच्या झाडापर्यंत. ती काठी खांद्यावर टाकून चालू लागली. साहेब चालतात तशी नाही. स्वतःच्या शेतातून चालावं तशी.

दुपारपर्यंत खेळ झाला. आवडीने गोदाचा चेंडू पायाने ढकलला, गोदाने तिला दोन वर्षांतलं सगळं ऐकवलं, आणि त्या दोघी बोलू लागल्या ते आजतागायत. जिंकलं कोण यावर एकमत झालं नाही. कोंडी म्हणत होती तीच.

आता गरव्याचं. दिवाळीनंतर ते पिकून वाकलं. सोनुबाई एकटी विळा घेऊन उतरली. मैदानावरचं काम संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी. भात वाट बघत नाही, दाणे गळू लागले. लडकू बांधावर येऊन उभा राहायचा. ती त्याला पाणी विचारायची आणि पुन्हा वाकायची. बरंचसं गळालं. चिमण्यांचं फावलं.

मग एका रविवारी गोदा, आवडी, कोंडी आणि आणखी पुष्कळ जणी विळे घेऊन आल्या. सोनुबाईने कंबर सरळ केली.

"फुकट नको मला. माघारी जावा."

"फुकट कोन देतंय गं?" गोदा शेतात उतरत म्हणाली. "ह्यो आमचा दिवस. पुढच्या साली मागू. तवा परत गोल्फाला न्यायचं."

"आन नाय नेलं तर?"

"तर सावड बुडवली म्हनून गावभर सांगू."

ती हसली आणि बाजूला सरकून तिने त्यांना जागा करून दिली. उरलेलं त्या दिवशी निघालं.

पदूने मात्र कळवलं, पुढच्या साली येऊ नका, गाव हसतो. मृगात सोनुबाईने आपल्या शेतात गरवं टाकलंच नाही. हळवं पेरलं. हळवं कमी उतरतं, त्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. लडकूने बांधावरून विचारलं, "वैनी, डोकं फिरलं का? पोटाला कमी पडंल."

"पडंल थोडं," ती म्हणाली. "पन दिवाळीच्या आधी शेत मोकळं पायजे मला."