माझ्या नावाची कमान

गावातली पोरगी जिंकून आली की तिच्या गळ्यात हार घालणारे हात दुसऱ्या दिवसापासून काय करतात, हे तुम्ही कधी बघितलं आहे का?

मी बघितलं नाही. मी तेव्हा पुण्याला परतले होते. म्हणून हे लिहिते आहे, गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांसाठी. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी निघाले ती परभणीजवळच्या पिंगळी स्टेशनवरून. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली होती. मायनं भाकरी आणि जवसाची चटणी एका पत्रकात बांधून दिली. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मामा शेतमजुरांच्या सभांना जायचा आणि उरलेला गठ्ठा आणायचा. मजुरीची, रेशनची, गायरानाची पत्रकं. त्यांच्यावर मी वाचायला शिकले आणि माझं वाचून झालं की माय त्यांत भाकरी बांधायची. त्या सकाळी बा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला होता. हे त्यानं कधी केलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा काठीवर हनुवटी टेकून एवढंच म्हणाला, "फुडं जा बाई. मागं राहून काय वळत न्हाई."

हे आमच्या धंद्यातलं बोलणं आहे. मेंढरं कुणाच्या ज्वारीकडे निघाली की मागून ओरडून उपयोग नसतो. मागून ओरडलं तर ती आणखी पळतात. मोठा वळसा घालून, सगळ्यांत पुढच्या मेंढीच्याही पुढे जावं लागतं. ती वळली की कळप वळतो. लहानपणापासून हे काम माझ्याकडे होतं, गावच्या गायरानावर, अनवाणी. नाल्यापलीकडचा मुरमाड उतार, बोरीची झुडपं, तरोटा. कुणाचं वावर नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं.

पुण्यात पहिल्या आठवड्यात सरांनी सिंथेटिक ट्रॅकवर मला दोनशे मीटर पळवलं. त्यातलं अर्धं अंतर वळणाचं. वळणावर बाकीच्या मुली बाहेर फेकल्या जात होत्या, मी आत झुकत होते. सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हणाले, मेंढरांनी. त्या दिवसापासून माझं नाव मेंढी पडलं. पुढे मी दोनशे मीटरची राष्ट्रीय विजेती झाले, तेव्हा त्याच मुली जाळीला लटकून बें बें करत होत्या. त्याइतकं प्रेमाचं कौतुक मला नंतर कुठेच मिळालं नाही.

हळूहळू मी बदलले. आमी-तुमी गेलं, ब्लॉक, स्पाइक, हॅमस्ट्रिंग, रिकव्हरी आलं. फोनवर माय विचारायची, "बोलायलीस का वाचून दाखवायलीस गं?" मग पंजाबातलं शिबिर, परदेशातल्या शर्यती, मांडीच्या दुखापतीत गेलेलं एक अख्खं वर्ष, आणि त्यानंतर आशियाई पातळीवरचं पदक. खेळाच्या कोट्यातून पुण्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. त्या क्वार्टरमध्ये मला झोप लागायची नाही, कारण बाहेर एकही जनावर ओरडत नव्हतं.

पदक घेऊन गावी गेले तेव्हा वेशीपासून मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे जीप, जीपवर मी. देवळासमोर स्टेज बांधलं होतं. सरपंच आबा बोलायला उठले. आबा आमच्या नात्यातले नाहीत. पण पहिल्या जिल्हा स्पर्धेला परभणीला त्यांनीच मला जीपमधून नेलं होतं आणि जिंकल्यावर पोटभर जिलेबी खाऊ घातली होती. दुसरा कुणी असता तर मला इतकं लागलं नसतं.

आबा म्हणाले, "आपल्या पोरीच्या नावानं गायरानावर पळायचं मैदान करायचं. आजची हीच ग्रामसभा समजा. कुणाकुणाला मंजूर हाय?"

पहिला हात माझ्या बाचा होता. एक नाही, त्यानं दोन्ही हात वर केले. मग आमच्या वस्तीवरच्या सगळ्या मेंढपाळांनी केले. हसत, एकमेकांना कोपरानं ढोसत. चराई कुठे जाईल, हे त्या गर्दीत कुणाच्या मनात आलं नाही. लेकीच्या नावाला हात खाली ठेवणारा बाप आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. आबांना हे चांगलं माहीत होतं.

मला कळलं ते दोन वर्षांनी, तेही फोनवर. मायशी बोलताना मागे काहीच आवाज नव्हता. मी विचारलं, मेंढरं कुठायत? ती म्हणाली, "इकली निम्मी. बाकीची तुझ्या काकाकडं हायेत." गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं. बाची मेंढरं जुन्या सवयीनं आत शिरली, तर कोतवालानं ती कोंडवाड्यात घातली, मोकाट जनावरांसारखी. बा दिवसभर कोंडवाड्याच्या दारात बसून राहिला आणि आतून कोकरं ओरडत होती. माझ्या नावाच्या मैदानात शिरल्याबद्दल माझ्याच घरची मेंढरं कोंडली गेली.

दिवाळीला गेले आणि आधी गायरानावर गेले. सिमेंटची मोठी कमान. तिच्यावर माझं पूर्ण नाव, पुढे 'क्रीडांगण'. कमानीच्या आत गुडघाभर सोयाबीनची कापणी चालली होती. आबांच्या पुतण्याची माणसं कापत होती.

मी तशीच आबांच्या ओसरीवर गेले.

"आबा, मैदान कुठाय?"

"हाय की. कमान दिसली न्हाई का?"

"आत सोयाबीन हाय."

"आगं, मोकळं ठिवलं तर गवत माजतंय, साप निघतेत. तुझ्याच मैदानाची राखण करायलोत आमी." ते हसले. चहा सांगितला. मी उभीच राहिले, तसे म्हणाले, "आन् तू काय रोज हितं पळायलीस का? तू आता पुण्याची. कशाला फिकर करतीस? पहिला हात तुझ्याच बाचा व्हता."

पुण्यात मी परभणीची, आणि गावात पुण्याची. हे मी दुसऱ्या कुणाकडूनही ऐकून घेतलं असतं.

घरी येऊन बाला म्हणाले, तार तोडायला उद्या वस्ती गोळा करू. तो काठीचं टोक मातीत फिरवत राहिला. "नगं. वस्तीवरची पोरं म्हणलीच व्हती तोडू म्हणून. मीच न्हाई म्हणलो. तुझं नाव हाय तितं. जाता-येता बघतो मी." बाला वाचता येत नाही. त्या कमानीवरची अक्षरं मात्र तो बरोबर ओळखतो.

तेव्हा मला कळलं की ते कुंपण तारेचं नाहीच. ते माझ्या नावाचं आहे. तार एका रात्रीत उपटता आली असती. नावाला हात लावायची कुणाची हिंमत नाही, आणि हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच ते तिथे लावलं.

घर म्हणजे काय, असं मला मुलाखतीत विचारतात. पूर्वी मी मायच्या भाकरीचं काहीतरी सांगायचे. आता सांगते, की माझं नाव जिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि तरी सगळे मला ओळखत होते, तो मुरमाड उतार माझं घर. तो मला परत हवा आहे, पण पळायला नको, मेंढरांना हवा आहे.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर ग्रामसभा भरते. मी तिथे ठराव मांडणार आहे, कमानीवरचं माझं नाव काढा, तार काढा, गायरान चराईला मोकळं करा. गाव सोडून गेलेल्यांनो, तुमची नावं अजून गावच्याच मतदार यादीत आहेत. मतदानाला जीप येते तेव्हा तुम्ही येता. या वेळी जीप येणार नाही, एसटीनं या. गावात राहिलेल्यांनो, आबांच्या ओसरीवरचा चहा एक दिवस सोडा. माझा बा पुढच्या रांगेत खाली मान घालून बसलेला असेल. एकट्याला त्याला हे जमणार नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याच्या आधी तुमचा हात वर करा.