नुस्रत उस्तोंनी मोकळी केलेली घंटी

इथं ताजिकिस्तानात, आमच्या खुजंदच्या मोहल्ल्यात नुस्रत उस्तोंइतका हट्टी माणूस दुसरा दाखवा, मी त्याचे पाय धरीन. उस्तो म्हणजे आमच्याकडे कसबी कारागीर. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण कुणाचा तबकडीचा जुना फोन बिघडला की पिशवी खांद्याला मारून हे हजर. नुसता दुरुस्त करून भागायचं नाही; एक्स्चेंजमधल्या बाईला उलटा फोन करायला लावायचे आणि घंटी आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय चहाच्या वाटीला हात लावायचे नाहीत. उस्तो, तुमचं लग्न त्या घंटीशीच लागलंय, असं मी चिडवायची. त्यावर हसतील तर शपथ.

सवरीबीबीकडे त्यांना मीच घेऊन गेले. ती माझी शेजारीण, कानानं कमी. तिचा धाकटा इल्होम रशियात बांधकामावर होता, दर शुक्रवारी आईला फोन करायचा. आता सलग दोन-तीन शुक्रवार कोरडे गेले होते. थोरला करोमतही काम निघालं म्हणून तडकाफडकी तिकडे गेला होता. लाइन खराब आहे, असं त्याची बायको मुनिरा सासूला सांगायची. पण म्हातारीच्या जिवाला चैन कुठली!

"फोन बिघडलाय, की पोरगा माझ्यावर रुसलाय, एवढं तरी मला कळू दे," ती मला म्हणाली.

सून बाजारात गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत काम उरकून टाकू.

उस्तोंनी रिसीव्हर उचलला, सूर येत होता. तबकडी फिरवून सोडली, ती न अडखळता मागे आली. बोलायच्या बाजूची वाटी उघडून आतली डबी ठोकून पाहिली, तीही ठीक. मग खालचे स्क्रू काढून टोपण उचललं. दोन घंट्यांच्या मधल्या इवल्याशा हातोडीला कापूस गुंडाळला होता आणि वरून दोऱ्यानं घट्ट बांधला होता.

बाळ लहान होतं तेव्हाचा असणार, उस्तो म्हणाले. आमच्याकडे पाळण्यात पोर असलं की सगळेच असं करतात आणि काढायचं विसरून जातात. मुनिराचा पोरगा आता शाळेत जातो. कापूस पांढराशुभ्र होता, पण ते आम्हा दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही.

उस्तोंनी कापूस सोडवला, टोपण बसवलं. आता एक्स्चेंजला सांगणार, तोच फोन आपणहून खणखणला. बीबीचा चेहरा असा फुलला की काय सांगू! धडपडत जाऊन तिनं रिसीव्हर उचलला आणि नुसतं "हां?" म्हणाली.

पलीकडे करोमत होता. गोंगाटातून ओरडून बोलत होता, त्यामुळे शब्द न् शब्द आमच्यापर्यंत आला.

"मुनिरा, कागदपत्रं झाली. उद्याच्या विमानानं इल्होमला घेऊन येतोय. पेटी उघडू नका म्हणालेत. आईला अजून काही कळू देऊ नकोस."

मयत दाराशी येईपर्यंत आमच्याकडे आईला सांगत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्यासाठी घरातल्या फोनचा गळा आवळतील, असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. बाई गं! सून दिवसभर फोनला चिकटून का बसायची आणि हातोडीची बारीक खुरखुर ऐकून आवाज दाबून का बोलायची, ते मला तेव्हा कळलं.

बीबी रडली नाही, कोसळली नाही. तिकडे करोमत "मुनिरा, मुनिरा" करत होता.

"मुनिरा बाजारात गेलीय," ती म्हणाली. "मी आई बोलतेय. त्याला सांभाळून आण."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मुनिरा दारात येऊन उभी होती. तिनं आमचे चेहरे पाहिले, उघडी पिशवी पाहिली, आणि मटकन खाली बसली. उस्तोंना काय सुचलं, खुदाला ठाऊक. त्यांनी पुन्हा टोपण काढलं आणि तोच कापूस हातोडीला गुंडाळायला घेतला. दोऱ्याची गाठ काही बसेना.

बीबीनं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, उस्तो. आता वाजू दे."

संध्याकाळपासून फोन वाजतच राहिला. सगळ्या नातेवाइकांना आधीच माहीत होतं. प्रत्येक वेळी तो तिनंच उचलला.